पाहून खावे : मुळशीच्या वाटेवरील गाडे आणि श्रावकाचा विवेक

पावसाळ्याचे चार महिने जैन घरात नियमांचे असतात आणि मुळशीच्या रस्त्यावर खवय्यांचे. आषाढातील चतुर्दशीला चातुर्मास बसतो, साधु-साध्वी विहार थांबवून एका ठिकाणी स्थिर होतात, श्रावक-श्राविका कोणी हिरव्या पालेभाज्या सोडतात, तर कोणी रोजचा चौविहार पाळू लागतात. नेमक्या याच दिवसांत सह्याद्रीच्या डोंगरउतारांवर पांढरे ओहोळ उतरू लागतात आणि रविवारची पहाट उजाडते न उजाडते तोच पुण्याची निम्मी वाहने चांदणी चौक ओलांडून पश्चिमेकडे वळल्याचा भास होतो.

भूगाव, भुकूम, पिरंगुट आणि तालुक्याचे ठिकाण असलेले पौड मागे टाकीत हा रस्ता मुळशी धरणाच्या काठाने ताम्हिणी घाटाकडे जातो. वाटेत जागोजागी निळ्या-पिवळ्या ताडपत्र्यांखाली शेगड्या पेटलेल्या असतात. कुठे मक्याची कणसे भाजली जातात, कुठे भज्यांचा घाणा निघत असतो, तर कुठे चुलीवर तांदळाची भाकरी फुगत असते. हिरव्या डोंगराकडे तोंड करून, भिजत्या हवेत उभ्याने खाल्लेल्या या पदार्थांची गोडी मोठ्या उपाहारगृहात मिळत नाही, हे कोणीही मान्य करील.

अशा वेळी मार्केट यार्ड किंवा बिबवेवाडीकडून निघालेले तीन पिढ्यांचे एक जैन कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. आजींचा कंदमूळत्याग आयुष्यभराचा. मुलगा आणि सून घरात नियम पाळतात, बाहेर जमेल तसे. नातवंडांना मित्रांनी सांगितलेली कांदा भजी खायची असतात. गाडीपाशी आल्यावर बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर ‘प्रवासात चालते’ असे म्हणून नियम हळूच बाजूला सरकतो, नाही तर आजी मोटारीतच बसून घरचे खाकरे खातात आणि बाकीचे अपराधी चेहऱ्याने बाहेर उभे राहतात. पहिल्यात व्रत दुखावते, दुसऱ्यात कुटुंब. तिसरी वाट आहे की नाही, हा या लेखाचा विषय आहे.

ती वाट शास्त्रानेच दाखविलेली आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाव्रताच्या पाच भावना येतात. त्यांत वाणी व मनाचा संयम, चालताना आणि वस्तू उचलता-ठेवताना बाळगायची काळजी यांच्या जोडीला ‘आलोकितपानभोजन’ सांगितले आहे. याचा सरळ अर्थ असा, की जे खायचे-प्यायचे ते उजेडात, नीट पाहून. रात्रिभोजनत्यागाशी या भावनेचे नाते सर्वांना ठाऊक असते. परंतु ‘पाहून’ या शब्दाचा दुसरा अर्थ रस्त्यावरील गाडीपाशी उलगडतो. उपाहारगृहाच्या स्वयंपाकघराचे दार बंद असते. ‘जैन’ असे छापलेल्या खाद्यपत्रिकेवर तेथे विश्वास ठेवावा लागतो. गाडीवर मात्र पीठ, तेल, पाणी, सुरी आणि करणाऱ्याचे हात हे सारे ग्राहकाच्या पुढ्यात असते. बंद पाकिटांवर असणारे हिरवे चिन्ह पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगते. आत कांदा, लसूण, बटाटा आहे की नाही, हे ते सांगत नाही. गाडीवर ते डोळ्यांना दिसते.

निघण्यापूर्वीचा हिशेब

पाहणे सुरू होते ते घड्याळापासून. जुलैच्या मध्यास पुण्यात सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होतो. दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे आधी भोजन आटोपण्याचा ज्यांचा नियम आहे, त्यांची मर्यादा साडेसहाच्या आतच संपते. घाटात ढग उतरले की पाच वाजताच दिवेलागणीसारखा अंधार होतो आणि रविवारी संध्याकाळी परतताना पिरंगुट-भूगाव पट्ट्यात वाहनांची रांग लागते. ‘परतताना वाटेत खाऊ’ असा बेत केला, की चौविहार मोडण्याची व्यवस्था सकाळीच झाली असे समजावे. पोटभर खाणे दुपारी आणि शेवटचे खाणे घाट सोडण्यापूर्वी पाचच्या आत, हा क्रम सोयीचा ठरतो.

दुसरा हिशेब पाण्याचा. श्वेतांबर परंपरेत उकळलेल्या पाण्याची मर्यादा उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात चार आणि पावसाळ्यात तीन प्रहर मानली जाते. सकाळी सातला उकळून घेतलेले पाणी त्या हिशेबाने दुपारी चारच्या सुमारापर्यंतच चालते. पुढच्या वेळेसाठी गाडीवाल्याकडून पुन्हा पाणी उकळून घेता येते. मात्र त्याचे इंधन जळते, म्हणून त्याचे पैसे न मागता द्यावेत.

कणसाची शेगडी

या रस्त्यावरील सर्वांत निर्धोक पदार्थ म्हणजे भाजलेले मक्याचे कणीस. त्याचे कारण चवीत नाही, मांडणीत आहे. शेगडीवर दुसरे काही शिजत नाही. निखारे, पुठ्ठ्याने घातलेला वारा, वरून लिंबाची फोड आणि तिखट-मीठ, एवढाच व्यवहार. भांडे नाही, तेल नाही, उष्टे-खरकटे नाही. पाहायचे ते एकच. पावसाळ्यात कणसाच्या टोकाकडे अळी असू शकते. हिरवी पाने आणि केस काढल्यावर कणीस निखाऱ्यावर ठेवण्यापूर्वी हातात घेऊन टोकापर्यंत फिरवून पाहावे. विक्रेते त्याला हरकत घेत नाहीत. चटणी तयार असेल तर लसणाची आहे का, हे विचारावे. साध्या तिखट-मिठाने चव कमी होत नाही.

उकडलेल्या पिवळ्या मक्याच्या दाण्यांवर मात्र लोण्याचा गोळा घालण्याची रीत आहे. लोणी हे मध, मद्य आणि मांस यांच्यासह चार महाविगयांत गणले जाते, याचा अनेकांना विसर पडतो. ‘लोणी नको, लिंबू चालेल’ एवढे तीन-चार शब्द पुरतात. अष्टमी-चतुर्दशीला हिरवे न खाणाऱ्यांसाठी ओले कणीसही हिरव्यातच मोडते. त्यांना भाजलेले चणे आणि वाळक्या शेंगांचा आधार असतो. भुईमूग जमिनीत वाढतो म्हणून मुले हटकून शंका विचारतात. त्याचे उत्तर त्यांना समजेल असे आहे. भुईमुगाचे फूल जमिनीच्या वर येते, फुलानंतर निघणाऱ्या आऱ्या मातीत शिरतात आणि तेथे शेंग धरते. शेंग हे फळ आहे, मूळ नव्हे. म्हणून सर्वसाधारणपणे ती कंदमुळांत धरली जात नाही.

भज्यांची कढई

खरी परीक्षा कढईपाशी होते. मुळशीच्या पावसात कांदा भजीचे राज्य असते. त्याखालोखाल बटाटा भजी आणि वडा. मिरची भजी, मूग भजी, कच्च्या केळ्याच्या कापांची भजी किंवा ओव्याच्या पानांची भजी मागितली तर काही ठिकाणी करून मिळतात. ज्यांनी चातुर्मासात पालेभाजी सोडली आहे त्यांना ओव्याचे पानही चालत नाही, केळे चालते. परंतु प्रश्न केवळ आत काय घातले याचा नसून कशात तळले याचाही असतो. ज्या तेलात सकाळपासून कांदा तळला गेला, त्याच तेलातील मिरची भजी कांद्याच्या रसाने माखलेली असणारच. पिठाचेही तसेच. कांदा भजीचे भिजवलेले पीठ वेगळ्या परातीत आहे की एकाच पिठात हात फिरतो आहे, हे पाहावे लागते.

यावर उपाय आहे, पण तो वेळेचा आहे. सकाळी आठ-साडेआठला गाडी लागते तेव्हा कढईत ताजे तेल पडते. त्या वेळी पहिला घाणा मिरची किंवा केळ्याच्या भज्यांचा काढून द्यायला विक्रेता सहसा नाही म्हणत नाही. त्याची तेवढीच भवानी होते. दुपारी गर्दीत हीच मागणी केली, तर तेल बदलण्याचा खर्च तो सोसणार नाही आणि तशी अपेक्षाही करू नये. नियम पाळणाऱ्याने आपली वेळ बदलावी. दुसऱ्याच्या धंद्याची घडी मोडू नये.

तेल पाहण्याचे आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. वारंवार तापवलेल्या तेलातील ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ २५ टक्क्यांहून अधिक झाली, तर ते तेल खाद्यपदार्थांसाठी वापरू नये, असा भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. रस्त्यावर हे मोजण्याचे यंत्र नसते. पण काळपट रंग, चिकट फेस, डोळ्यांना झोंबणारा धूर ही लक्षणे डोळ्यांना कळतात. छापील वर्तमानपत्रात गरम पदार्थ बांधू नये, असेही हे प्राधिकरण वेळोवेळी बजावत आले आहे, कारण छपाईची शाई अन्नात उतरते. घरून चार स्टीलच्या ताटल्या नेल्या तर हा प्रश्न सुटतो आणि कचराही होत नाही.

वडापावापुरते बोलायचे, तर त्यात बटाटा, आत आले-लसूण आणि वर लसणाची सुकी चटणी. आंबवलेल्या मैद्याचा पावही कडक नियमवाल्यांना चालत नाही. येथे तडजोड शोधण्यात अर्थ नाही. मुलांना हे नीट सांगावे, की प्रत्येक पदार्थाची जैन आवृत्ती झालीच पाहिजे असे नाही. काही गोष्टी सोडून देण्यातही एक स्वच्छ आनंद असतो.

चुलीवरची भाकरी

पौडच्या पुढे घरगुती जेवणाचे फलक लागतात. ‘चुलीवरची भाकरी’, ‘पिठलं-भाकरी’ आणि त्याच फलकावर बहुतेक ठिकाणी ‘गावरान चिकन’. मुळशी-मावळ हा भाताचा मुलूख. आंबेमोहोर तांदळाची ही भूमी. तांदळाची आणि नाचणीची भाकरी येथे जशी जमते तशी शहरात जमत नाही. पण एकाच चुलीवर सामिष स्वयंपाक होत असेल, तर श्रावकाने तेथे बसावे का? बहुतेकांचे उत्तर ‘नाही’ असे असेल आणि ते योग्यच आहे. भाकरीचा तवा वेगळा असला तरी पळी, पातेले आणि हात वेगळे असतील याची खात्री नसते. ज्या घरी केवळ शाकाहारी स्वयंपाक होतो अशी ठिकाणे थोडी आहेत; पण शोधली तर सापडतात. आदल्या दिवशी दूरध्वनी करून सांगितले तर जेवण अधिक मनासारखे होते.

पिठल्यात कांदा-लसूण असतोच. परंतु ते कढत पाण्यात पीठ सोडून थोड्या वेळात होणारे असल्याने वेगळे करणे अवघड नाही. जिरे, हिंग, हिरवी मिरची, वाळलेली हळद आणि चवीला दोन आमसुले, इतक्यात उत्तम पिठले होते. ठेचा मिरची, मीठ आणि भाजलेल्या दाण्यांचा, लसणाविना, खलबत्त्यात कुटून मिळतो. चुकते ते पुढे. पिठल्याबरोबर ताकाचा पेला येतो आणि द्विदलाचा दोष कोणाच्या ध्यानातही येत नाही. कच्चे, न तापवलेले दही-ताक आणि डाळीचे पीठ एकत्र येऊ नयेत, हा नियम कांद्याइतकाच जुना असून त्याहून अधिक विसरला गेलेला आहे. ताकाऐवजी आमसुलाचे सार घ्यावे. पावसाळ्यात दळलेल्या पिठाची मर्यादा ज्यांच्याकडे काटेकोर आहे, त्यांनी घरचे ताजे पीठ नेऊन भाकऱ्या थापून घेतल्याचीही उदाहरणे आहेत. मजुरी दिली की कोणी नाकारत नाही.

चहाचेही असेच. पातेल्यात आले किसून घातलेला चहा तयारच उकळत असतो.

“मावशी, आल्याशिवाय चहा होईल का?”

“व्हईल की. पर नवं आधण ठेवावं लागंल. धा मिनिटं थांबाल का?”

थांबावे. गवती चहाची दोन पाती घातलेला तो चहा येईपर्यंत समोरचा डोंगर ढगातून एकदा बाहेर येऊन पुन्हा आत जातो. या दहा मिनिटांत घाई केली की नियम ओझे वाटतो. थांबले की तोच विसावा होतो.

उन्हाळ्याच्या अखेरीस याच घाटात डोंगरातील बायका पानांच्या द्रोणांतून करवंदे, जांभळे विकायला बसतात. ओळखीचे फळ धुऊन, पाहून घ्यावे. अनोळखी फळ बावीस अभक्ष्यांत मोडते, तेव्हा कुतूहल आवरावे. बाटलीतला मध कितीही ‘डोंगरचा’ असला तरी तो घेण्याचा प्रश्नच येत नाही. बर्फाच्या गोळ्याचेही तसेच. बर्फही त्या बाविसांत आहे आणि तो कोणत्या पाण्याचा, हे गाडीवाल्यालाही ठाऊक नसते.

पाण्याखालची खाचरे

कणीस खाता खाता समोर दिसणारा विस्तीर्ण जलाशय नैसर्गिक नाही. मुंबईच्या विजेसाठी टाटा कंपनीने मुळा नदीवर हे धरण बांधले आणि पाणी पश्चिमेला खाली भिऱ्याच्या वीजगृहाकडे वळवले. आपल्या जमिनी वाचविण्यासाठी मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. लढा अपयशी ठरला. सुमारे पन्नास गावांची भातखाचरे पाण्याखाली गेली आणि माणसे डोंगरउतारांवर सरकली. शहरे उजळली; येथील शेते बुडाली.

ताडपत्रीखाली शेगडी फुंकणाऱ्या माणसाकडे पाहताना हा इतिहास आठवावा. त्याची कमाई जून ते सप्टेंबरच्या शनिवार-रविवारांवर अवलंबून असते. अतिवृष्टीमुळे प्रशासनाने घाटात जाण्यास मनाई केली, की तो आठवडा कोरडा जातो. त्याच्याशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करणे आणि मग ‘आमच्यासाठी सगळे वेगळे करा’ असे बजावणे शोभत नाही. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापे आणि भेसळ यांचा उल्लेख आहे. त्या अपेक्षा विक्रेत्याकडून केल्या जातात, त्या रास्तच आहेत. परंतु श्रमाचा पुरता मोबदला न देणे हेही त्याच तराजूच्या दुसऱ्या पारड्यातील उणे वजन नव्हे काय?

गाड्यांची व्यवस्था

सिंगापूरमध्ये १९७० च्या दशकापासून रस्त्यावरील विक्रेत्यांना नळाचे पाणी, सांडपाण्याची सोय आणि छप्पर असलेल्या केंद्रांत जागा देण्यात आली. तेथील ही खाद्यसंस्कृती २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ‘क्लीन स्ट्रीट फूड हब’ योजना आखली आणि २०१८ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठच्या बाजाराला देशातील पहिला असा दर्जा मिळाला. मुळशीच्या काठालाही स्वच्छ पाण्याचा नळ, हात धुण्याची जागा आणि कचरापेटी मिळाली, तर विक्रेता आणि प्रवासी दोघांचेही भले होईल. अशा ठिकाणी एखादी कढई आणि एखादा तवा कांदा-लसणाविना राखला, तर त्याला ग्राहकांची वाण पडणार नाही.

तोवर कचऱ्याची जबाबदारी खाणाऱ्याची. ताम्हिणी परिसर २०१३ मध्ये वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे. माकडांना कणसाचे दाणे टाकणे ही जीवदया नव्हे. त्याने ती रस्त्यावर येतात आणि वाहनांखाली सापडतात. ताटात उष्टे टाकू नये, ताटली धुऊन ते पाणी पिऊन टाकावे, ही आजींची सवय नातवंडांना जुनाट वाटते. दरीच्या कडेला साचलेला खरकट्याचा ढीग आणि त्यावर घोंघावणाऱ्या माश्या दाखवल्या की तिचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

साधु-साध्वी या चार महिन्यांत पाऊल उचलत नाहीत, कारण ओल्या भूमीवर पावलागणिक जीव असतात. श्रावकाला तेवढा संयम जमत नाही. तो मोटार काढून डोंगर पाहायला जातो. निदान गेल्यावर त्याने डोळे उघडे ठेवावेत. कणसाचे टोक, कढईचे तेल, घड्याळाचा काटा आणि गाडीवाल्याचे भाजलेले हात, हे सारे पाहावे. मग आजींना मोटारीत बसून राहावे लागत नाही. त्या खाली उतरतात, कणीस हातात घेतात, फिरवून पाहतात आणि म्हणतात, “हे चालेल.”